गप्प बसवलेली वायर

कुठलीही बंद पडलेली वस्तू हातात आली की तो ती आधी कानाला लावायचा. रेडिओ असो, मिक्सर असो, भिंतीवरचं घड्याळ असो. एकदा तर माझी इस्त्रीसुद्धा. गिऱ्हाईक समोर छत्रीचं पाणी निथळत उभं, आणि हा डोळे मिटून, मान तिरकी करून बसलेला, तापकरी पोराच्या छातीला कान लावावा तसा. "अहो, उघडा की एकदाची," असं कुणी म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "आधी ऐकू तर द्या."

"इस्त्रीत काय ऐकतोस रे?" मी विचारलं होतं.

"बाई, तापत आली की आतली पट्टी टिक म्हणते. तुमची म्हणत नाही."

महाडच्या बाजारपेठेत त्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधे उरलेली फट. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. पाटीवर एवढंच, 'येथे दुरुस्ती होईल.' कशाची ते नाही, कोण करणार तेही नाही. त्यानेच स्वतःचं नाव लिहिलं नाही, तर मी कशाला लिहू? असा एक माणूस तुमच्याही पेठेत असेल. त्याच्याकडे आपण फक्त काही बिघडलं की जातो.

तो माझा विद्यार्थी. विज्ञानात मी त्याला शंभरात अकरा मार्क दिले होते, आणि ते देताना आपण फार उदार आहोत असं मला वाटलं होतं. 'विद्युतप्रवाह म्हणजे काय?' या प्रश्नाला त्याने व्याख्या लिहिली नव्हती. शाळेच्या विजेच्या घंटेचं चित्र काढून खाली लिहिलं होतं, 'घंटा गुरुवारी का वाजली नाही ते मला माहीत आहे.' मी लाल शाईने लिहिलं, 'विषयांतर.'

त्या वेळची मी कशी होते ते सांगते. चापूनचोपून नेसलेली साडी, हातात रंगीत खडू, चेहऱ्यावर सर्व विश्वाचं ज्ञान. ओहमचा नियम मी झोपेतही म्हणून दाखवला असता. आणि घरचा फ्यूज उडाला की आमचे हे कचेरीतून येईपर्यंत अंधारात देवाचं नाव घेत बसायची. घंटा गुरुवारी का वाजली नाही, हे मी त्याला कधीच विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर तर मी जास्तच विद्वान झाले. उद्घाटनं, हळदीकुंकू, बक्षीस समारंभ, जिथे माइक असेल तिथे मी. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अलीकडे आत वळलं की डोंगराच्या अंगावर एक वाडी आहे. तिथे कुठल्याशा योजनेतून दरडीची आगाऊ सूचना देणारं एक यंत्र बसवलं. वर उतारावर एक खांब, खांबात झुकाव ओळखणारा डबीएवढा भाग, तिथून खाली वाडीतल्या देवळापर्यंत वायर, आणि देवळात एक पेटी. डोंगर जागचा आहे तोवर पेटीवर हिरवा दिवा. खांब जरा कलला की दिवा लाल आणि भोंगा सुरू. भोंगा वाजला की सगळ्यांनी खालच्या शाळेत जायचं.

बसवणारे निघून गेले आणि बायकांना समजावून सांगायला मला बोलावलं. आरशासमोर तीन दिवस पाठ केलेलं भाषण मी ठोकलं. "यंत्राला झोप येत नाही. यंत्राला कंटाळा येत नाही. आणि भगिनींनो, यंत्र खोटं बोलत नाही!" टाळ्या पडल्या. पेटीत काय आहे हे मला काडीचंही ठाऊक नव्हतं. पुढच्या रांगेत एक काटक बाई माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. ती त्याची थोरली बहीण. त्या वाडीत दिलेली. आक्का.

तिचं घर वाडीतलं सगळ्यात वरचं. डोंगर आधी तिच्या परसात येतो, मग बाकीच्यांच्या. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला. झड लागली की हा महाडहून फोन करायचा, "आक्का, दोन दिवस खाली ये." ती म्हणायची, "दिवा हिरवा हाय. आनि तुझ्याच बाईंनी सांगितलाय, यंत्र खोटं बोलत नाय."

अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एका शिमग्यानंतर तो माझ्या दारात उभा राहिला. हत्यारांची पिशवी न घेता तो कुठे जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बाई, ते वाडीतलं यंत्र खोटं बोलतंय."

शिमग्याला तो बहिणीकडे गेला होता. वर उतारावर एक बैल त्या खांबाला मान घासत होता. खांब वीतभर हलत होता. हा धावत देवळात आला. दिवा हिरवा. परत वर जाऊन त्याने स्वतः खांब गदागदा हलवला. दिवा हिरवाच. बसवणाऱ्यांचा नंबर लागत नव्हता, पेटीचा नकाशाही कुणाकडे नव्हता.

"मग उघडून बघ ना," मी म्हटलं.

"आधी ऐकायला पाहिजे, बाई. कान पुरत नाही. तो भाग पेटीशी बोलतो ते फार भराभर. मीटर लावला तर नुसता आकडा दाखवतो. कोण बोललं, कधी बोललं, काय बोललं ते दिसायला वेगळं यंत्र लागतं. मोठ्या कंपन्यांत असतं तसलं."

तसलं यंत्र माझ्याच घरात निघालं, म्हणजे त्याचा कच्चा माल. माझी नात इंजिनिअरिंगचे प्रयोग संपवून गेली तेव्हा एक जुना लॅपटॉप आणि बोटाएवढ्या दोन हिरव्या पट्ट्या मागे ठेवून गेली होती. पट्टीला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखे पाय. मायक्रोकंट्रोलर म्हणतात त्याला. नात फोनवर म्हणाली, "आजी, त्या पट्टीचाच लॉजिक अ‍ॅनलायझर करता येतो, म्हणजे वायरीतलं बोलणं पडद्यावर दाखवणारं यंत्र. फाइल पाठवते. पट्टीवरचं बटण दाबून धरायचं आणि मग केबल लावायची. लावताना बटण सोडलंस तर लॅपटॉप पट्टी ओळखणारच नाही."

मी सात वेळा सोडलं. आठव्या वेळी लॅपटॉपने पट्टी ओळखली, फाइल आत गेली, आणि पट्टीवरचा बारीक दिवा लुकलुकला. इंग्रजी सूचना मी वाचायच्या आणि हात त्याने चालवायचे, असं ठरलं. दुकानात उभं राहायला जागा नाही म्हणून माझ्या जेवणाच्या टेबलावर. पहिली पट्टी मी जाळली. ती सव्वातीन-साडेतीन व्होल्टपलीकडे सोसत नाही हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्याच हाताने तिची वायर बारा व्होल्टच्या बॅटरीला टेकवली. वास आला. अकरा मार्क देणाऱ्या बाईला काय बोलणार? त्याने दुसऱ्या पट्टीच्या प्रत्येक वायरीत आधी रेझिस्टर जोडले आणि पट्टी माझ्यापासून हातभर लांब सरकवली.

पडद्यावर आठ ओळी आल्या, आणि आठही ओळी वेड्यासारख्या थरथरायला लागल्या. "अजून कशालाच लावलं नाही, तर हे काय?" मी म्हटलं.

तो हसला. "मोकळी वायर गप्प बसत नाही, बाई. हवेतलं काहीबाही पकडते आणि बडबडते. तिला आधी जमिनीला बांधायला लागतं."

त्याने एक काळी वायर जोडली, बाकीच्यांना काम दिलं, तेव्हा त्या शांत झाल्या. मग टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं. एका ओळीवर किल्ल्याच्या तटासारखे दात उमटले. आवाज वाढवायचं बटण दाबलं की वेगळे दात, कमी करायचं दाबलं की वेगळे. "विजेला दोनच शब्द येतात," तो म्हणाला, "हाय आणि नाय. बाकी सगळं त्यातनंच." तीस वर्षं मी जे फळ्यावर खडूने काढलं ते पहिल्यांदा बघत होते. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत बसले. शेवटी त्याने रिमोट काढून घेतला.

आम्ही वाडीत गेलो ते चैत्रात. पेटी ओळखू येईना. वाडीत दरवर्षी शिवेवरच्या राखणदाराला राखण देतात, कोंबडा आणि नारळ. पेटी आल्यापासून एक नारळ तिलाही लागू झाला होता. तिच्यावर कुंकवाचे थर, स्क्रूंच्या खाचांत शेंदूर. गुरव म्हणाले, कौल घेतल्याशिवाय हात लावता येणार नाही. कौल लावला. दोनदा डावा आला, तिसऱ्यांदा उजवा, होकाराचा. विज्ञानाची शिक्षिका त्या वेळी हात जोडून उभी होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

त्याने दात घासायच्या ब्रशने कुंकू झाडलं, झाकण काढलं, एकेक वायर लावली. लॅपटॉप देवळाच्या पायरीवर. एक ओळ नाडीसारखी टकटकत होती, म्हणजे पेटी जिवंत होती. दुसऱ्या ओळीवर दिव्याला जाणारा निरोप, सेकंदासेकंदाला तोच. आणि तिसरी, डोंगरावरून येणारी, सपाट. वर एकाला पाठवून खांब हलवून घेतला. सपाट. मग त्याने डोंगराकडून येणारी वायर पेटीतून उपटूनच काढली.

तरीही सपाट.

तो पडद्याकडे बघत राहिला. "तुटकी असती तर बडबडली असती," तो हळूच म्हणाला. "ही मेल्यासारखी गप्प आहे. हिला कुणीतरी गप्प बसवलंय."

पेटीतला सर्किट बोर्ड उलटा केल्यावर सापडलं. खालच्या बाजूला कथलाचा एक ओबडधोबड ठिपका आणि तांब्याच्या तारेचा तुकडा. डोंगराची वायर जिथे लागते ती जागाच थेट जमिनीला बांधलेली. कंपनीचं काम नव्हतं ते, घाईतल्या हाताचं होतं. त्याने डाख द्यायची सळई गरम केली आणि ठिपका उचलला.

ओळ एकदम थरथरू लागली, आणि भोंगा वाजला.

इतक्या वर्षांनी वाजला तो असा की कौलांवरची माकडं पळाली. घराघरांतून माणसं बाहेर आली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, अर्धवट दाढी केलेले बापये. सगळी वाडी धावली. खालच्या शाळेकडे कुणी गेलं नाही. सगळे देवळाकडे आले, भोंगा बंद करायला.

"बंद कर रं त्याला! पोर आत्ताच निजलंय!"

सगळ्यांत पुढे आक्का. तिने कमरेवर हात ठेवून भावाकडे पाहिलं. "तू काढलास होय त्ये? त्ये आमीच घालून घेतलंवतं. पयल्या पावसात लय कोकलायचा. बैल घासला का कोकल, वारा सुटला का कोकल. चार येळा पोरंबाळं घेऊन खाली गेलो, चार येळा परत आलो. मंग एक वायरमन आलावता, त्याला सांगून गप्प केला."

तो भोंग्यावरून ओरडला, "मग तुला माहीत होतं! दिवा खोटा आहे हे माहीत होतं, तरी मला सांगायचीस हिरवा हाय, हिरवा हाय?"

"हिरवा हाय तर काय सांगू?" आक्का म्हणाली. मग आवाज खाली आणून, जणू त्यालाच समजावत, "खाली जाऊन कुठं ऱ्हाऊ रे? तुझ्या दुकानात? म्हस कुठं बांधू? हितंच ऱ्हायचाय तर निजायला तरी मिळू दे. दिवा बघितला का डोळा लागतो."

मी पायरीवरचा लॅपटॉप मिटून पदराखाली घेतला.

वर जाऊन पाहिलं तर खांबातला भाग कधीच गंजून गेला होता, वायर वणव्यात वितळली होती. ऐकण्यासारखं वर काही उरलंच नव्हतं. ठिपका नसेल तर भोंगा दिवसरात्र वाजणार. भोवती माणसं उभी होती, कडेवरची पोरं रडत होती. त्याने सळई पुन्हा गरम केली आणि तो तांब्याच्या तारेचा तुकडा स्वतःच्या हाताने होता तिथे परत बसवला. भोंगा थांबला. दिवा हिरवा झाला. गुरवांनी झाकणावर कुंकू लावलं.

मला वाटलं, संपलं. त्याने मात्र नव्या यंत्रासाठी सरकारला अर्ज करायचं ठरवलं. "तुमची मराठी चांगली, बाई, तुम्ही लिहा." मी लिहिले, अलंकारिक. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. स्वतःच एक नवा भाग बनवून तो खांबात बसवून आला. तोही बैलाला कोकलला. आठवड्याच्या आत कुणीतरी वायर कापली.

"बैल घासला आणि डोंगर कलला, यातला फरक कळायला डोंगराशेजारी बसायला लागतं," तो म्हणाला. "चार-पाच पावसाळे तरी. मग यंत्राला शिकवता येईल."

आणि त्याने दुकानाला कुलूप लावलं. मृगाच्या आधी तो बहिणीच्या पडवीत राहायला गेला. रंगाच्या डब्यात पाऊस मोजायचा, खांबाला ओळंबा बांधून खुणा करायचा, परसातल्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं का ते बघायचा. फोन लागला की मला आकडे सांगायचा आणि मी वहीत उतरवायची, पोरी गणिताच्या बाईंना घाबरून उतरवतात तशी. त्या पावसाळ्यात दोनदा त्याने घरोघरी फिरून माणसं खाली शाळेत नेली. पहिल्यांदा बरीच गेली. डोंगर जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा निम्मी गेली, डोंगर हललाच नाही, आणि मागे राहिलेल्या एकाच्या शेळ्या बिबट्याने नेल्या. तिसऱ्यांदा तो ओरडत फिरला तेव्हा कुणीच उठलं नाही. आक्कासुद्धा नाही. तिने त्याला भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेव गप."

तोही गेला नाही. कुणी येत नसताना एकट्याने खाली कसं जायचं?

पुढच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. अनवाणी चिखलात फिरायचा, पायाला जखम होती. तीन दिवस अंगावर काढला, चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. लेप्टो, चिखलातून जखमेवाटे चढणारा ताप. वाडीतल्या बापयांनी झोळी करून त्याला रस्त्यापर्यंत उतरवला. डोंगरावरून एक माणूस खाली आणायला सगळी वाडी आली, असं मागाहून मला कळलं.

महाडला आणला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. मी खाटेजवळ बसले होते. सलाइनच्या बाटलीकडे त्याची नजर लागलेली, थेंब मोजत असावा. पहाटे गेला. घंटा गुरुवारी का वाजली नाही, हे विचारायचं माझं राहून गेलं. विचारायला चाळीस वर्षं होती.

आक्का त्याच दिवशी आली. इतकी वर्षं तो ज्यासाठी विनवत होता ते तिने केलं. भर पावसात डोंगर उतरून खाली आली. सगळं उरकल्यावर मी तिला घरी आणलं, कोरडं लुगडं दिलं, चहा दिला. बाहेर झड लागलेली होती.

"आक्का, चार दिवस राहा," मी म्हटलं. "पाऊस ओसरला की जा. तो असता तर हेच म्हणाला असता."

"त्यो म्हनायचा आनि मी भांडायचे," ती म्हणाली. "आता भांडू कुनाशी? म्हस बांधलेली हाय, बाई."

मग मी ते बोलले. इतकी वर्षं न बोललेलं. "त्या दिवशी भाषणात मी सांगितलं ना, यंत्र खोटं बोलत नाही म्हणून. मला त्या पेटीतलं काहीही कळत नव्हतं. मी उगाच बोलले."

तिने बशीतला चहा संपवला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हातारीने लहान मुलीच्या ठेवावा तसा. खरं तर मी तिच्याहून थोरली.

"आमाला ठावं होतं," ती म्हणाली. "पन बोललात लय बरं."

डेपोवर मी तिला पोचवायला गेले. पोलादपूरची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली, मांडीवर त्याची हत्यारांची पिशवी घेऊन. मी खालून पुन्हा एकदा म्हटलं, "उतरा, आक्का." गाडीच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. गाडी हलली. तिने खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढला, तळवा वर करून पाऊस किती आहे ते पाहिलं, हात पदराला पुसला आणि काच खाली ओढली.